दारातला लाजरस आणि रुपेरी पडदा

प्रभू येशूने सांगितलेला श्रीमंत मनुष्य व लाजरस यांचा दृष्टांत संत लूकने आपल्या शुभवर्तमानात नोंदवून ठेवला आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने तो प्रवचनातून कितीदा तरी ऐकला असेल. परंतु त्यातील दोन गोष्टींकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पहिली अशी की, त्या श्रीमंताने लाजरसला मारहाण केली, शिव्या दिल्या किंवा दारातून हुसकावून लावले, असे प्रभूने कोठेही म्हटलेले नाही. त्याचा अपराध एवढाच की, ज्या दारातून तो रोज ये-जा करीत असे, त्याच दारात पडलेला मनुष्य त्याला दिसला नाही. दुसरी गोष्ट अशी की, प्रभूने आपल्या दृष्टांतांसाठी जी माणसे कल्पिली, त्यांपैकी नाव मिळाले ते केवळ या भिकाऱ्याला. उंची वस्त्रे नेसून रोज मेजवान्या झोडणारा श्रीमंत निनावी राहिला.

जगाची रीत नेमकी उलट आहे. श्रीमंताचे नाव पाटीवर कोरलेले असते आणि रस्त्यावर पडलेल्या माणसाला आपण ‘कोणी तरी भिकारी’ म्हणून पुढे जातो. नाव गेले की मनुष्य दिसेनासा होतो, आणि दिसेनासा झाला की त्याच्याविषयीचे कर्तव्यही आपल्या मनातून पुसले जाते.

गेल्या नव्वद वर्षांत चित्रपटाच्या एका प्रकाराने हा दृष्टांत आपल्यापुढे नव्याने मांडला आहे. पूर्वी त्याला अनुबोधपट म्हणत. आता बहुतेक लोक माहितीपट म्हणतात. त्यात पगारी नटनट्या नसतात, रंगविलेली घरे नसतात, गाण्यांसाठी कथा थांबत नाही. खरी माणसे आपल्या खऱ्या जागी जशी जगतात तशी दाखविणे हा त्याचा हेतू. चित्रपट म्हटला की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते, आणि पुष्कळदा ती सकारण असते. तथापि पवित्र ख्रिस्तसभेने ही कला कधीही सरसकट त्याज्य मानलेली नाही. परमगुरू पायस अकरावे यांनी १९३६ साली व परमगुरू पायस बारावे यांनी १९५७ साली चित्रपटाविषयी विश्वपत्रे लिहिली. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपर्कसाधनांवर एक स्वतंत्र आदेशपत्र संमत केले. ही साधने म्हणजे देवाची देणगी आहे आणि तिचा सदुपयोग करणे हे माणसाचे काम आहे, असा विचार त्यांत आढळतो.

बेघर, निराधार आणि समाजाच्या कडेला टाकलेल्या लोकांवरील काही अनुबोधपटांची ओळख येथे करून द्यावयाची आहे. परंतु केवळ ओळख करून देणे हा हेतू नाही. असा चित्रपट पाहून झाल्यावर आपल्यावर कोणते ऋण येते, हा खरा प्रश्न आहे.

लंडनच्या चाळी बोलू लागल्या

१९३५ साली आर्थर एल्टन व एडगर अँस्टी या दोघा तरुणांनी लंडनमध्ये ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ नावाचा एक छोटासा चित्रपट केला. पूर्व लंडनमधील स्टेपनी भागात मजुरांच्या पडक्या, ओलसर, अंधाऱ्या चाळी होत्या. त्या काळचे ध्वनिमुद्रणाचे यंत्र फार अवजड असे. तरीही ते उचलून या मंडळींनी चाळीतल्या चिंचोळ्या खोल्यांत नेले आणि तेथे राहणाऱ्यांनाच बोलावयास सांगितले. रूबी ग्रियर्सन या बाईंनी रहिवाशांचा विश्वास संपादन केला. हे यंत्र आता तुमचेच आहे, तुमचे हाल तुम्हीच जगाला सांगा, असा धीर तिने त्यांना दिला.

या चित्रपटात माणसे स्वच्छ कपडे घालून, ताठ उभी राहून आपल्या घराची अवस्था सांगतात. भिंतींतून किडे कसे येतात, जिना कसा खचला आहे, पाण्यासाठी कोठे जावे लागते, हे ती तक्रारीच्या सुरात न सांगता साधेपणाने सांगतात. एक बाई आपल्या खोलीत शिरलेल्या उंदराशी झालेली लढाई अशा ठसक्यात वर्णन करते की, ऐकणाऱ्याला हसू येते, आणि मागोमाग त्या हसण्याची लाज वाटते. त्यापूर्वी गरिबांविषयी बोलत ते इतर लोक. गरीब स्वतः पडद्यावरून क्वचितच बोलले होते. म्हणून या चित्रपटाला इतिहासात मोठा मान आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या चित्रपटाचा खर्च ब्रिटनमधील गॅस कंपन्यांच्या संघाने केला होता. जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उठल्या म्हणजे त्यांत गॅसच्या चुली येणार, हा त्यांचा हिशेब होता. चांगल्या कामामागेही मनुष्याचा स्वार्थ मिसळलेला असू शकतो. त्यामुळे त्या बाईचे शब्द खोटे ठरत नाहीत. परंतु गरिबाचे चित्र कोण काढतो आणि कशासाठी काढतो, हे विचारण्याची सवय पाहणाऱ्याने ठेवली पाहिजे. हा प्रश्न आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

बावरीवरचे दोघे

न्यूयॉर्क शहरात बावरी नावाचा रस्ता आहे. डच वसाहतीच्या काळात तेथे शेतवाड्या होत्या आणि त्या नावाचा मूळ अर्थही तोच. पुढे शेतवाड्या गेल्या आणि विसाव्या शतकात हा रस्ता दारूचे गुत्ते, एका रात्रीपुरत्या मिळणाऱ्या स्वस्त कोठड्या आणि पदपथावर निजणारी माणसे यांच्यासाठी कुप्रसिद्ध झाला. लायनेल रोगोसिन हा कापड गिरणीच्या मालकाचा मुलगा, शिक्षणाने रसायन-अभियंता. वडिलांचा धंदा सोडून तो या रस्त्यावर येऊन राहू लागला. आरंभीचे कित्येक महिने त्याने कॅमेरा बाहेर काढलाच नाही. गुत्त्यांत बसावे, माणसांशी बोलावे, त्यांचे ऐकावे, एवढेच त्याने केले. मग १९५५ साली चित्रण झाले आणि १९५६ साली ‘ऑन द बावरी’ हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. तेथे अनुबोधपटांतील सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले.

कथा म्हणावी तर अगदी लहान. रे सेल्यर नावाचा एक मजूर रेल्वेमार्गावरचे काम संपवून, हातात एक पेटी घेऊन बावरीवर येतो. गुत्त्यात त्याला गॉर्मन हेंड्रिक्स नावाचा वृद्ध भेटतो. रे दारू पिऊन रस्त्यावर पडतो, आणि गॉर्मन त्याची पेटी चोरतो. पुढे रे एका धर्मादाय आश्रमात जातो, प्रवचन ऐकतो, दारू सोडण्याचा विचार करतो, आणि पुन्हा गुत्त्याकडे वळतो. शेवटी तोच गॉर्मन त्याला काही पैसे देतो आणि येथून निघून जा, असे सुचवितो. पैसे कोठून आले ते तो सांगत नाही. पाहणाऱ्याला मात्र ठाऊक असते. एकाच माणसाच्या हातून चोरीही होते आणि दानही होते. त्याला पूर्ण दुष्ट म्हणता येत नाही आणि पूर्ण सज्जनही म्हणता येत नाही. आपल्या स्वतःच्या अंतःकरणाची झडती घेतली तर आपल्यापैकी किती जण यापेक्षा वेगळे निघतील?

पडद्यामागची हकिगत याहून हृदयद्रावक आहे. आणखी एकदा बेसुमार प्यालास तर जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी गॉर्मनला बजावले होते. चित्रपट पूर्ण होईपर्यंत त्याने स्वतःला आवरले. काम संपताच तो पुन्हा प्याला आणि मरण पावला. चित्रपट त्याच्याच स्मृतीला अर्पण केलेला आहे. रे सेल्यरचा चेहरा देखणा होता. हॉलिवूडमध्ये काम करण्याविषयी त्याला विचारणा झाली असे सांगतात. तो गेला नाही. एक दिवस तो बावरीवरून निघाला आणि मग त्याचा मागमूस लागला नाही.

मनुष्य बेघर होतो म्हणजे केवळ त्याच्या डोक्यावरचे छप्पर जाते असे नाही, हे या चित्रपटाने जितके स्पष्ट दाखविले तितके क्वचितच कोणी दाखविले असेल. छप्पर जाण्याआधी पुष्कळ काही गेलेले असते. आईबाप, पत्नी, गाव, प्रार्थना, ‘तू जेवलास का?’ असे विचारणारे कोणी, यांतील एकेक धागा तुटत जातो आणि सर्वांत शेवटी भिंत पडते. ज्या घरांत दारूने पाऊल टाकले आहे त्या घरांतील आयाबहिणींना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच बावरीच्या आसपास, त्याच वर्षांत, आणखी एक काम चालू होते. डोरोथी डे या बाईंनी पीटर मॉरिन यांच्यासह १ मे १९३३ रोजी ‘कॅथलिक वर्कर’ नावाचे एक पेनी किमतीचे वृत्तपत्र सुरू केले आणि मागोमाग आतिथ्यगृहे उघडली. भुकेल्याला सूप, भाकरी व कॉफी मिळावी, जागा असेल तर अंथरूण मिळावे, आणि ते देताना तो पाहुणा आहे असे मानावे, हा तेथील नियम होता. रोगोसिन बावरीवर काही महिने राहिला, आणि त्याच्या कामाचे मोल कमी नाही. डोरोथी डे १९८० साली मरण पावल्या तोपर्यंत त्या अशाच लोकांच्या सोबतीने राहिल्या. २००० साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘देवाची सेविका’ ही उपाधी देऊन त्यांच्या संतपदाच्या चौकशीस मान्यता दिली. एकाने पाहिले व दाखविले. दुसरीने पाहिले आणि तेथेच राहिली. या दोहोंतील अंतर ध्यानात ठेवावे.

भुयारातील घरे

चाळीसेक वर्षांनी त्याच शहरात आणखी एक चित्रपट घडला. मॅनहटनच्या पश्चिम भागात नदीकाठच्या उद्यानाखालून रेल्वेचे एक लांब भुयार जाते. तेथील वाहतूक बंद होती त्या काळात बेघर माणसांनी आत फळ्या, पत्रे व पुठ्ठे जोडून खोपटी उभारली होती. मार्क सिंगर हा इंग्रज तरुण या लोकांत गेला, त्यांच्यातच राहू लागला. त्याने पूर्वी कधी चित्रपट केला नव्हता. आमच्यावर कोणी चित्रपट काढावयास हवा, ही कल्पनाही त्या भुयारात शेकोटीभोवती बसलेल्यांपैकी एकाचीच. मग भुयारातील रहिवासीच त्याचे सहकारी झाले. कोणी दिवे धरले, कोणी कॅमेऱ्याची गाडी ओढली. २००० साली ‘डार्क डेज’ या नावाने तो प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी सनडान्स महोत्सवात त्याने तीन पारितोषिके मिळविली.

तो कृष्णधवल आहे. त्यात कोणी चुलीवर काही शिजवितो, कोणी कुत्र्याला खाऊ घालतो, कोणी फुटक्या आरशात पाहून दाढी करतो. सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा ठिकाणीही मनुष्य घर मांडतो, दाराला कुलूप लावतो आणि झाडून काढतो, हे पाहून मन थक्क होते. एक स्त्री सांगते की, ती तुरुंगात असताना तिची दोन मुले आगीत जळून मेली. ते ऐकल्यावर, ही बाई व्यसनाच्या आहारी का गेली असा प्रश्न विचारण्याचा धीर होत नाही.

पुढे रेल्वे कंपनीने भुयार रिकामे करण्याचे ठरविले. त्या वेळी बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या खटपटीने सरकारी घरभाडे-साहाय्य मिळाले आणि रहिवासी वर, उजेडात, खऱ्या खोल्यांत गेले. शेवटच्या दृश्यांत ते आपली खोपटी स्वतःच्या हातांनी, हातोड्यांनी, आनंदाने मोडतात. ज्यांचे चित्र काढले त्यांचे आयुष्य त्या चित्रणाच्या काळातच पालटले, असे भाग्य फार थोड्या अनुबोधपटांच्या वाट्याला आले आहे.

कालीघाटचा उजेड

आता आपल्या देशाकडे वळू. १९५२ साली मदर तेरेसा यांनी कोलकात्यात कालीघाटच्या मंदिराशेजारी, यात्रेकरूंसाठी बांधलेल्या एका जुन्या वास्तूत, रस्त्यावर मरणाला टेकलेल्या लोकांसाठी ‘निर्मल हृदय’ हे घर उघडले. १९६९ साली माल्कम मगरिज या इंग्रज पत्रकाराने ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनसाठी तेथे एक चित्रपट केला. त्याचे नाव ‘समथिंग ब्यूटिफुल फॉर गॉड’. मदर तेरेसांचे नाव जगभर पोहोचण्यास हा चित्रपट मोठ्या प्रमाणावर कारणीभूत झाला.

त्या घरात उजेड इतका कमी होता की, काही उमटणार नाही, असे छायाचित्रकाराला वाटत होते. प्रत्यक्षात ती दृश्ये स्वच्छ व सौम्य प्रकाशात उमटली. मगरिजने त्यास चमत्कार मानले. छायाचित्रकाराने मात्र पुढे सांगितले की, नव्याने निघालेली एक अतिसंवेदनशील फिल्म त्याने वापरली होती. आपण श्रद्धावंतांनी हे स्पष्टीकरण मोकळ्या मनाने स्वीकारावे. तेथील खरे आश्चर्य फिल्मवर अवलंबून नव्हते. ज्याच्या अंगाला घाण येते, ज्याला कोणी हात लावीत नाही, अशा अनोळखी माणसाला एक धर्मभगिनी उचलते, धुते, भरविते, त्याचे नाव विचारते, आणि तो गेला तर त्याच्या स्वतःच्या धर्माप्रमाणे त्याचे अंत्यविधी होतात, हे आश्चर्य अंधारातही तसेच राहिले असते. मगरिजवर त्या दिवसांचा ठसा राहिला. १९८२ साली, वृद्धपणी, त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला. मदर तेरेसांना ४ सप्टेंबर २०१६ रोजी संतपद मिळाले.

मुंबईच्या पदपथावरील बाईचा प्रश्न

आपल्या मराठी वाचकांना सर्वांत जवळचा असा चित्रपट म्हणजे आनंद पटवर्धन यांचा १९८५ सालचा ‘हमारा शहर’. मुंबईतील झोपड्या व पदपथावरील खोपटी पाडली जात होती तो हा काळ. त्या झोपड्यांत राहणारे लोक कोण होते? इमारती बांधणारे गवंडी, ओझी वाहणारे हमाल, घरोघर भांडी घासणाऱ्या बाया. कित्येक जण दुष्काळी गावांतून पोटासाठी आलेले. जे हात शहर उभारतात त्याच हातांना त्या शहरात पथारी पसरण्यास जागा नाही, ही विसंगती हा चित्रपट एकामागून एक दृश्यांनी समोर ठेवतो. एकीकडे सुखवस्तू माणसे दिवाणखान्यात बसून शहराच्या घाणीविषयी बोलतात, दुसरीकडे पावसात उघडी पडलेली कुटुंबे दिसतात. शाहीर विलास घोगरे यांचे गाणे मधून मधून ऐकू येते. ते स्वतः झोपडवस्तीतच राहणारे होते. या चित्रपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

परंतु त्यातील सर्वांत मोठा क्षण चित्रपटकारावर उलटणारा आहे. रस्त्यावर आलेली एक बाई संतापून विचारते की, तुम्ही आमची चित्रे कशासाठी घेता? गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव मिळवाल. आम्हाला त्यातून काय मिळणार? पटवर्धनांनी हे दृश्य कापून टाकले नाही. आपल्यावरचा आरोप त्यांनी आपल्याच चित्रपटात जसाच्या तसा ठेवला. १९८६ साली, पाडल्या गेलेल्या एका वस्तीच्या लोकांसाठी, ते व अभिनेत्री शबाना आझमी त्या लोकांबरोबर उपोषणास बसले. त्या बाईच्या प्रश्नाला शब्दांनी उत्तर देता येत नव्हते. म्हणून त्यांनी ते आपल्या देहाने दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

याच झोपड्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला होता. पत्रकार ओल्गा टेलिस व पदपथवासी यांनी दाखल केलेल्या अर्जांवर १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी असे म्हटले की, राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. कारण पोट भरण्याचे साधन काढून घेणे म्हणजे जीवच काढून घेणे होय. तथापि पदपथावर कायम राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. रीतसर सूचना देऊन खोपटी हलविता येतील. मात्र तो पावसाळा सरेपर्यंत हात लावू नये, असा आदेश झाला. कायद्याने त्या बाईला अर्धे उत्तर दिले. उरलेले अर्धे कोणी द्यावयाचे?

आपल्या मुलांना कोणी वाचविले?

आपण म्हणू की, ही मुंबईची, न्यूयॉर्कची गोष्ट. आमच्या खेड्याशी तिचा काय संबंध? क्षणभर मागे वळून पाहू. गोव्यातील हजारो तरुण बोटीवरची नोकरी किंवा घरकाम शोधण्यासाठी मुंबईत गेले. त्यांच्यापाशीही पैसा नव्हता, ओळख नव्हती, डोक्यावर छप्पर नव्हते. तरी ते पदपथावर का आले नाहीत? कारण गावोगावच्या लोकांनी धोबीतलाव, माझगाव अशा भागांत आपापल्या गावाच्या नावाने क्लब काढले होते. त्यांनाच ‘कूड’ म्हणत. एक मोठी खोली, भिंतीकडेने मांडलेल्या पेट्या, रात्री अंथरलेल्या चटया, अत्यल्प वर्गणी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची जपमाळ आणि वर्षातून एकदा गावच्या आश्रयदात्या संताचा सण. एके काळी अशा शेकडो कुडी होत्या. काही आजही टिकून आहेत.

आपली मुले बावरीवरच्या रेपेक्षा अधिक सद्गुणी होती म्हणून वाचली, असे नव्हे. गाव आपल्या मुलांच्या मागोमाग शहरात गेले, म्हणून ती वाचली. संध्याकाळच्या जपमाळेला मुलगा दिसला नाही तर त्याचे नाव घेऊन चौकशी करणारे कोणी तरी तेथे होते. ज्याला असे कोणी नसते तो बेघर.

आपल्या शिवेवरचे लोक

२०११ च्या जनगणनेत, २८ फेब्रुवारीच्या रात्री, रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, फलाटांवर, देवळांच्या आवारात उघड्यावर राहणाऱ्यांची मोजदाद झाली. देशभर सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर आढळली. त्यांपैकी सुमारे ८ लाख ३४ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मी, ग्रामीण भागात होती. तेव्हा हा केवळ शहरांचा प्रश्न आहे, ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे.

याखेरीज असे लोक आहेत की, ज्यांचे घर दूर कोठे तरी आहे, पण वर्षातील सहा महिने ते त्यांच्या उपयोगी पडत नाही. बेळगाव जिल्ह्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की, बीडकडून व विजापूरकडून ऊसतोडणीचे मजूर येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको दोघे पहाटेपासून राबतात. शेताच्या कडेला किंवा कारखान्याजवळ पाचटाच्या व ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात, आणि मुलांची शाळा सुटते. दक्षिण गुजरातेत बार्डोलीच्या बाजूला डांग व खानदेशातून येणाऱ्या मजुरांचीही हीच कथा. या लोकांचा हिशेब करताना नवरा व बायको मिळून ‘एक कोयता’ असे मोजतात. किती माणसे आली असे कोणी विचारीत नाही. किती कोयते आले असे विचारतात. नावाच्या जागी हत्याराचे नाव! गोव्यात बांधकामावर राबणाऱ्या परप्रांतीय मजुराला आपण ज्या तुच्छतेच्या शब्दाने हाक मारतो तो येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. प्रत्येकाला तो ठाऊक आहे. पुष्कळदा आपल्याच घराच्या भिंती त्याने उभारलेल्या असतात.

पाहावे कसे, आणि पाहून करावे काय?

या चित्रपटांपैकी एखादा धर्मग्रामाच्या सभागृहात दाखविण्याचा विचार कोणी केला, तर दोन-तीन गोष्टी पाळाव्यात. प्रथम, धर्मगुरूंनी व जाणत्या मंडळींनी तो आधी पाहावा. ‘ऑन द बावरी’ व ‘डार्क डेज’ यांत व्यसनाधीनता उघडपणे दाखविली आहे आणि दुसऱ्यात भाषाही कठोर आहे. ते लहान मुलांसाठी नव्हेत. दुसरे, चित्रपट संपताच उठून जाऊ नये. थोडा वेळ शांत बसून एकमेकांस विचारावे: यातील कोणाचे नाव आपल्या ध्यानात राहिले? त्याचा कोणता धागा आधी तुटला? आणि तो धागा आपल्या गावात कोणाचा तुटत चालला आहे? तिसरे, त्या आठवड्यात एक तरी कृती व्हावी. ती कृती झाली नाही तर पदपथावरील बाईचा आरोप आपल्यावरही लागू होतो. आपण तिचे दुःख फुकट पाहून आलो.

ती कृती मोठी असण्याची गरज नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम हा वीस वर्षांचा विद्यार्थी वादसभेत धर्माची बाजू मांडीत असे. विरोधकांनी त्याला विचारले की, तुमच्या धर्माने पूर्वी काय केले ते राहू दे. आज गरिबांसाठी तुम्ही काय करता ते दाखवा. तो प्रश्न त्याला झोंबला. काही मित्रांसह तो गरिबांच्या घरी जाऊ लागला, आणि त्यातून संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था जन्मास आली. मदत पाठवून न देता स्वतः घरी जाऊन भेटावे, हा तिचा नियम आजतागायत चालत आला आहे. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी ओझानमला केलेला प्रश्न आणि मुंबईच्या त्या बाईने चित्रपटकाराला केलेला प्रश्न, हे दोन्ही मुळात एकच आहेत.

१९८७ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी बेघरांच्या निवाऱ्याचे वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षाच्या अखेरीस परमगुरूंच्या न्याय व शांती आयोगाने एक पत्रक काढले. त्याला त्यांनी जे नाव दिले तेच मुळी प्रश्नरूप होते: बेघर झालेल्या आपल्या भावाचे तू काय केलेस? परमगुरू फ्रान्सिस यांच्या काळात, २०१५ साली, संत पेत्राच्या चौकातील स्तंभांच्या मागे रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी स्नानाची व हजामतीची सोय झाली, आणि २०१७ सालापासून दर वर्षी नोव्हेंबरात ‘गरिबांचा जागतिक दिन’ पाळला जाऊ लागला. येत्या नोव्हेंबरात तो रविवार येईल तेव्हा आपल्या ख्रिस्तमंदिरातही त्याची घोषणा होईल.

त्या रविवारची तयारी आजपासून करता येईल. मिस्सेहून परतताना ऊसतोडणीच्या कोप्यांपाशी, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीपाशी किंवा ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्यांवर नेहमी बसणाऱ्या माणसापाशी पाच मिनिटे थांबावे. हातात काही असेल तर द्यावे, परंतु त्याआधी, “बाबा, तुमचे नाव काय? गाव कोणते?” असे विचारावे, आणि घरी आल्यावर संध्याकाळच्या जपमाळेत ते नाव घ्यावे. पुढच्या रविवारी तो मनुष्य दिसला नाही, तर कोठे गेला याची चौकशी करण्यासाठी आपल्यापाशी त्याचे नाव असेल.